अंबाडीला तेलाचा हात

दयानंदच्या धाकटीचं जावळ काढलं ते साल दोन हजार बावीस. मे महिना सरत आला होता. दयानंद माझा एकुलता मुलगा, केंद्राच्या एका दलात शिपाई, छत्तीसगडच्या जंगलात नेमणुकीला. जावळासाठी बारा दिवसांची सुट्टी काढून तो घरी आला होता.

त्या दिवशी सकाळी त्याला न्हाणीत बसवलं. एवढा बाप्या झालेला, पण घरी आला की पाठ मीच चोळायची असा त्याचा हट्ट. पाणी ओतायला वाकले तर त्याच्या दोन्ही खांद्यांवर काळे, जाड पट्टे दिसले. बैलाच्या मानेवर जुवाचा घट्टा पडतो तसे. बोट लावलं तर कातडी कडक लागली.

“हे काय रं?”

“काई न्हाई माय. जाकिटाचं हाय.”

“जाकीट कातडं सोलतंय व्हय?”

“गोळीचं जाकीट. आत पोलादाचे पाट असतेत. अकरा किलो.” तो हसला. “धाकटीला अन् तिच्या पाळण्याला संगट कडंवर घेतल्यावानी.”

चुलीपुढून शिल्पा बोलली. शिल्पा त्याची बायको. “सगळं सांगा की आत्याबाईला. काढून ठेवतेत ते. मला फोनवर बोललेत.”

“तू गप गं.”

“काढून ठेवतोस म्हंजी?” मी तांब्या खाली ठेवला.

“माय, पंचेचाळीस डिग्रीत घालून चालवत न्हाई. बसलं की काढतो. सगळेच काढतेत. साहेबबी काढतो.”

मी तांब्या उचलला. खांद्यांवर दोन तांबे जास्त ओतले.

दुपारी पाहुणे जेवून उठले तेव्हा माझे मालक ग्यानोबा ओसरीवर धाकटीच्या पाळण्यासाठी दोरी वळत बसले होते. अंबाडीची दोरी. आमच्या शिवारात आता अंबाडी कोणी लावत नाही. बाया भाजीपुरती बांधावर चार काकऱ्या टाकतात, तेवढंच. दोरं नायलॉनची मिळतात. पण मालकांनी माळवदाच्या तुळईला वाखाच्या चार गड्ड्या बांधून ठेवल्या होत्या. वाख म्हणजे अंबाडीच्या सालीचा धागा. सहा वर्षांपूर्वीचा तो वाख अजून पिवळाधमक होता.

सुदर्शनराव, माझे जावई, नांदेडकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. मूळचे हदगाव तालुक्यातले, शेतकऱ्याचेच. ते मालकांजवळ टेकले. वाखाची एक बट हातात घेतली, बोटाला गुंडाळली, ओढली. पुन्हा ओढली.

“मामा, हे तुम्ही काढलंय?”

“मग कोन? तुमच्या सासूनं? तिला भाजी येती अंबाडीची.”

“मला द्याल थोडा?”

“बैल घेतलाव का काय, जावईबापू?” मालक म्हणाले आणि सगळे हसले.

सुदर्शनराव हसले नाहीत. ते दयानंदकडं बघत म्हणाले, “मी गोळीच्या पाटावर काम करून राहिलो. पोलाद काढायचं. पुढं एक कडक फरशी, चिनीमातीच्या बशीसारखी पण लई टणक. गोळीचं टोक तिच्यावर फुटतं. उरलेला मार मागच्या थरानं धरायचा. तो थर मी झाडाच्या धाग्याचा करतो. धागा डिंकासारख्या रसायनात भिजवून, एकावर एक थर देऊन, गरम दाबात दाबायचा.”

“अन् गोळी थांबती?” दयानंदनं विचारलं.

“काही थांबल्या. काही नाही. धागा एकसारखा मिळत नाही. बाजारातला वाख कुठं जाड, कुठं कुजका. हा बघ, बुडापासून शेंड्यापर्यंत एकच आहे.”

“वजन किती उतरंल?”

“दोन किलो. कदाचित जरा जास्त.”

दोन किलो म्हणजे काय, असं एखादा म्हणेल. भरलेली घागर डोक्यावर घेऊन मैलभर चाललेल्या बाईला विचारावं. शेवटच्या शेतात तांब्याभर पाणी ओतून टाकलं तरी मान सुटल्यासारखी वाटते.

मालक उठले. तुळईच्या चारही गड्ड्या सोडून त्यांनी सुदर्शनरावांच्या पुढ्यात टाकल्या. पाळण्याची दोरी अर्धीच राहिली. शिल्पानं पुढं नायलॉनची आणली.

मृगात मालकांनी वरच्या वावरात एक एकर अंबाडी पेरली, निव्वळ. सोयाबीनच्या शिवारात मधोमध अंबाडी बघून येणारा-जाणारा थांबायचा. “ग्यानबातात्या, सारं गाव भाजी खाणार का काय आता?” मालक म्हणायचे, “गोळी खाणार हाय.” लोकांना वाटायचं, म्हातारा सरकला.

श्रावण संपता संपता सुदर्शनरावांचा फोन आला. तुळईच्या वाखाचा एक लहान पाट त्यांनी केला होता आणि त्यावर गोळी झाडून घेतली होती. गोळी पाटातच राहिली. पाटाच्या मागं चिकणमातीचा गोळा ठेवतात आणि त्याला किती खोल खड्डा पडला ते मोजतात; खड्डा फार खोल गेला तर माणसाच्या बरगड्या मोडल्या असं धरतात. तोही थोडकाच होता.

“माती कुठली घेतेत?” मालकांनी विचारलं.

“विकत येते मामा.”

“माती इकत?” ते किती वेळ हसत होते. मग फोन माझ्याकडं दिला आणि डोळे पुसत गोठ्याकडं गेले.

मोठी चाचणी जानेवारीत होती. तिच्यासाठी वीस किलो वाख पाहिजे होता, सगळा एकसारखा, दिवाळीपर्यंत. ही चाचणी जमली तर काम पुढं चालणार होतं, नाही तर कॉलेज ते बंद करणार होतं. मालकांनी त्याच दिवशी दयानंदला फोन लावला. त्याच्या बरोबरची पोरं आता त्याला ‘दोरवाला’ म्हणत होती. “आबा, तुमचं अंबाडीचं जाकीट कव्हा यायलंय?” तो विचारायचा. “शिवून घालू का वळून?”

“तू तव्हर पोलादाचं काढू नगं,” मालक सांगायचे.

“हाव.”

अंबाडी फुलावर आली की कापायची. फूल गळून बोंड धरलं की धागा राठ होतो. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही कापली. मी, शिल्पा, मालक आणि दोन बाया. अंबाडीला बारीक कूस असते, ती हातात, मानेत शिरते; रात्री अंगावर ताक चोळून झोपलो. पेंढ्या बांधून दोन दिवस उभ्या केल्या, पाला झडू दिला आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं डोहावर नेल्या.

आमच्या ओढ्याला एकच डोह आहे जिथं पाणी आटत नाही. काठाला शेंदराचा म्हसोबा आहे. पाण्यात उतरायची वाट त्याच्या पुढूनच जाते. मालकांनी साठ पेंढ्या तीन थरांत लावल्या, वर पळाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, टाकल्या, दगड ठेवले. अंबाडी पाण्यातून बाराव्या-तेराव्या दिवशी काढायची. नेमका दिवस कोणी सांगू शकत नाही, तो हाताला कळतो. खालच्या थरातली काडी ओढायची, बुडाशी अंगठ्यानं दाबायची. साल सापाच्या कातेसारखी सरकन् वरपर्यंत आली की त्याच दिवशी सगळं बाहेर. एक दिवस आधी काढली तर वाखाला डिंक राहतो, दोन दिवस उशीर झाला तर धाग्याचा जीव जातो. मालक रोज सकाळी भाकरी खायच्या आत डोहावर जाऊन हात घालून यायचे. त्यांच्या हाताला तो वास राहायचा, जेवताना मला यायचा.

आठव्या दिवशी हनुमंत वारला.

हनुमंत मालकांचा सख्खा चुलतभाऊ. बारा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. बांधावरून झालं होतं. त्यानं बांध एक हात आत कोरला, मालकांनी दगड उपटून टाकले, दोघांची डोकी फुटली, औशाच्या कोर्टात तारखा झाल्या. लग्नाला बोलावणं नाही, बारशाला नाही. हनुमंत विहिरीवर मोटार चालू करायला गेला आणि तिथंच बसला तो उठलाच नाही. त्याचा मुलगा रामलिंग आमच्या दारात आला. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून म्हणाला, “काका, आमचा बाप गेला,” आणि तसाच परत फिरला. मालकांनी पायात वहाण घातली नाही. अनवाणी गेले. पहिला खांदा त्यांनी दिला.

घरी येऊन अंघोळ करून बसले. मी म्हटलं, “अंबाडी?”

“दहा दिवस न्हाई.”

शिल्पा दारात उभी होती. ती कधी सासऱ्यासमोर बोलत नाही, त्या दिवशी बोलली. “मामा, बारा वर्षं तोंड बगत न्हवतो त्यांचं. मग सुतक कसलं? तिकडं ह्यांच्या खांद्याची सालं निघालीत.”

मालक तिच्याकडं न बघता म्हणाले, “भांडण बांधाचं व्हतं माय. रगताचं न्हवतं.”

सुतकाचा माणूस म्हसोबाच्या पुढून पाण्यात उतरत नाही. हे आमच्या गावात कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण कोणी मोडलेलंही नाही. आमची भावकी म्हणजे गावातली बावीस घरं, सगळी सुतकात. अंबाडी काढलेले जे दोन-चार म्हातारे उरले होते ते ह्याच घरांतले.

शेजारचे रेवणप्पा तेवढे मोकळे होते. लिंगायत. त्यांच्यात सुतक धरत नाहीत.

“आमचं सुतक बसवण्णानं कव्हाच धुऊन टाकलंय,” ते ओसरीवर बसून म्हणाले. “सांग ग्यानबा, काय करायचं. मी उतरतो.”

“तुला पवायला येतंय का?”

“कंबरंएवढं पाणी हाय म्हणतोस ना?”

“छातीएवढं हाय.”

“तुझ्या छातीएवढं का माझ्या?” रेवणप्पा बुटके आणि अंगानं भरलेले. “बुडालो तर आमच्यातबी सुतक धराया लावशील.”

बाराव्या दिवशी दोघं गेले. मीही मागं गेले. मालक म्हसोबाच्या अलीकडं, बाभळीखाली थांबले. तिथून डोह पन्नास पावलांवर. रेवणप्पा धोतर खोचून, शिवा शिवा म्हणत, एकेक पाय टाकत पाण्यात गेले. पाणी छातीला लागलं तसे थांबले.

“खालच्या थराची काडी वड!” मालक ओरडले.

“वडतो की!”

“खालची! बुडी मार!”

“बुडी तुझा आजा मारंल! हात पुरतोय तितकी वडतो!”

त्यांनी वरच्या थरातली एक काडी उपसली. आम्हाला तिथून ते दिसत होतं. मालकांचा अंगठा आपोआप हलत होता, जणू काडी त्यांच्याच हातात होती.

“दाब! बुडाशी दाब! सोल!”

“सुटंना की रं! हिरवी हाय अजून, कच्ची!”

“वास कसला यायलाय?”

“वास? नाक धरूनच उभा हाव मी!”

मालक बाभळीला हात टेकून उभे राहिले.  मग म्हणाले, “येऊ दे बाहीर. दोन दिवसांनी बगू.” परत येताना ते मला म्हणाले, “वरच्या थराला ऊब कमी, वारा जास्त. खालचं आदी पिकतंय. पण त्यो बुडी मारंना, तर मी काय करू?” मी म्हटलं, रेवणप्पांना सगळंच काढायला सांगा. ते म्हणाले, “अन् कच्चं निघालं तर? पुन्ना पान्यात घालता येत न्हाई.”

दोन दिवसांनी रेवणप्पांना ताप भरला. डोहाच्या पाण्यानं अंगाला खाज सुटली होती. त्यांची सून दारात येऊन आम्हाला बोलून गेली.

पंधराव्या दिवशी वारा ओढ्याकडून आला. मी गोठ्यात शेण काढत होते. अंबाडी कुजते तेव्हा तिचा वास घाण असतो, पण त्याला एक गोडसर अंग असतं. त्या दिवशी गोडसर अंग नव्हतं. मेलेल्या जनावराचा वास होता. मी हात तसेच घेऊन ओसरीवर आले.

“वास बदललाय.”

“मलाबी आलाय,” मालक म्हणाले. ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. “दोन दिस ऱ्हायलेत.”

त्या दोन दिवसांत ते जेवले नाहीत असं नाही. जेवले. पण घास तोंडात घेऊन बसायचे.

दहावा झाला. ओढ्याच्या खालच्या अंगाला भावकीनं डोकी भादरली, पिंडाला कावळा शिवला. तिथूनच, ओल्या अंगानं, डोकं तुळतुळीत, मालक डोहाकडं निघाले. मी आणि शिल्पा मागं पळालो. त्यांनी दगड ढकलले, पेंढी ओढली. वरचा थर चांगला निघाला. मधला निघाला, पण वाख मळका, भुरकट. खालच्या थराची पेंढी उचलली तर साल हातात आलीच नाही. बोटांतून शेंबडासारखी गळाली. मालक पाण्यात बुडी मारून वर आले, पुन्हा बुडी मारली. प्रत्येक वेळी मुठीत तेच. 

चार दिवस आम्ही वाख झोडपला, धुतला, वलनीवर वाळवला. दिवाळी त्यातच गेली, पणती लागली नाही. वाळल्यावर मी तीन ढीग केले. माझी लेक शिवांगी सातवीत होती तेव्हा तिनं मला अक्षरं शिकवली होती. मी चिंध्यांवर पेनानं लिहिलं, ‘चांगला’, ‘मधला’, ‘वाया’, आणि प्रत्येक गड्डीला एक चिंधी बांधली. चांगला अकरा किलो भरला. मधला नऊ. चांगल्याची बट ओढली तर बोट कापलं. मधल्याची ओढली तर आधी ताणायची आणि मग मुकाट तुटायची.

उद्या सुदर्शनराव येणार होते. मालक तराजूजवळ बसून होते.

“अकराच द्या,” मी म्हटलं.

“इसाला कमी चालत न्हाई. तारीख जाती म्हणले ते. तारीख गेली की काम बंद.”

“मग खरं सांगा.”

“काय सांगू? म्हातारा बाभळीखाली उभा ऱ्हायला, म्हून सांगू?” “मधला काई अगदीच वाईट न्हाई. चांगल्यात मिसळला की धरून घेईल त्याला. दोरीत घेत न्हाई का आपन?”

दोरीत घेतो. हे खरं होतं. दोरीत दुबळा वाख मधी घालतात आणि वरून चांगला वळतात. आणि बाजाराला दोरं नेताना भुरकट वाखावर तेलाचा हात फिरवतात. माझी सासू करायची, मी करत आले. करडईचं तेल तळहातावर जरासं घ्यायचं आणि बटेवरून ओढायचं. वाख उजळतो, मऊ होतो, नव्यासारखा दिसतो. त्यात फसवणूक असते असं मला कधी वाटलं नव्हतं. लेकराचं तोंड पुसून बाहेर पाठवावं तसं ते होतं.

मी चिंध्या सोडल्या. चुलीत टाकल्या. मग तेलाची वाटी घेतली आणि नऊच्या नऊ किलोवर, बट-बट करून, तेलाचा हात फिरवला. मालक बघत होते.  संध्याकाळपर्यंत वीस किलो वाख एका रंगाचा झाला.

दुसऱ्या दिवशी सुदर्शनराव गाडी घेऊन आले. वाख हातात घेतला, उजेडात धरला.

“मामा, एकसारखा आहे ना सगळा?”

“हाव.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्यासाठी चहा ओतत होते. कपात बघत राहिले. ते म्हणाले, “मामी, वासच सांगतो, घरचा माल आहे.” वास तेलाचा होता.

डिसेंबरमध्ये दयानंदचा फोन आला. तिकडं त्यांच्या एका तुकडीवर हल्ला झाला होता, दोन पोरं गेली होती, दोघांनीही जाकीट काढलेलं होतं. आता हुकूम होता, मुक्कामाशिवाय जाकीट काढायचं नाही. “काढत न्हाई आता, माय,” तो म्हणाला. मला बरं वाटलं. शिल्पालाही वाटलं. तिनं देवापुढं नारळ ठेवला.

जानेवारीच्या अखेरीला चाचणी झाली. फोन आला तेव्हा मालक शेतात होते, म्हणून मी उचलला. सुदर्शनरावांचा आवाज दमलेला होता.

“चार पाट लावले, मामी. चारींतून गोळी गेली.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“धागा कमी पडला असता तर समजलं असतं. पण थर धरलेच नाहीत. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे सुटले, एकावर एक. रसायन धाग्याला चिकटलंच नाही.” मग त्यांनी विचारलं, “मामी, वाखाला काही लावलं होतं का?”

बाहेर धाकटी कोंबडीच्या मागं पळत होती. तिचं हसणं त्यांनाही फोनवर ऐकू गेलं असेल.

“तेलाचा हात,” मी म्हटलं.

 मग विचारलं, “सगळ्याला?”

“नऊ किलोला. त्यो कुजला व्हता. तुमच्या मामाला सुतक पडलं.” माझ्या तोंडून सगळं एकदमच आलं, हनुमंत, म्हसोबा, रेवणप्पा, चिंध्या. त्यांनी मधी तोडलं नाही.

“असू द्या, मामी,” शेवटी म्हणाले. “मीच धुऊन घ्यायला पाहिजे होता. घरचा म्हणून धुतला नाही.”

तेलामुळं पाट बिघडले हे त्यांनी मालकांना कधी सांगितलं नाही. वाख कमी पडला एवढंच म्हणाले. कॉलेजनं ते काम बंद केलं. दयानंदला मालकांनी यातलं काहीच सांगितलं नाही. तो फोनवर विचारायचा, “आबा, जाकीट?” आणि मालक म्हणायचे, “चाललंय. तू पोलादाचं काढू नगं.”

“हुकूमच हाय आबा. काढतोय कुठं?”

मे महिन्यात तिकडं ऊन फार होतं. त्याची तुकडी सकाळी निघाली होती आणि दुपारी परतायची होती. वाटेत कुठं तरी अडकली. पाणी संपलं. तीनच्या सुमाराला तो चालता चालता तिरपा गेला आणि झाडाला धरून बसला. बरोबरच्या पोरांनी सांगितलं की तो नावं विसरायला लागला होता. माय, पाठ चोळ, असं काही तरी बोलत होता. त्यांनी जाकीट काढलं तेव्हा आतलं पोलाद हाताला चटके देत होतं. दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. अंगावर गोळीचं निशाण नव्हतं.

पेटी आली. गावात पोलीस आले, सलामी झाली, पुढारी आले. मी त्याचे खांदे बघायचे म्हणत होते, पण बघू दिले नाहीत. शिल्पा धाकटीला कडेवर घेऊन उभी होती आणि धाकटी गणवेशातल्या माणसांना हात दाखवत होती.

सुदर्शनराव आणि शिवांगी दहाव्यापर्यंत राहिले. एकदा गोठ्यात मी एकटी असताना ते आले. म्हणाले, “मामी, पाट पास झाले असते तरी जाकीट त्याच्यापर्यंत यायला पाच-सात वर्षं लागली असती. हे तुम्ही डोक्यात धरा.” मी धरते. हिशेब बरोबर आहे. पण भाकरी थापताना हाताला तेल लागलं की मी उठून हात धुते, आणि पुन्हा धुते.

पहिला खांदा रामलिंगनं दिला. अनवाणी आला होता. त्याच्या दोन एकर टरबुजाचा पहिला तोडा त्याच आठवड्यात होता, औशाहून गाडी ठरली होती. पहिला तोडा देवाला दाखवल्याशिवाय माल हलत नाही आणि सुतकात देवाला दाखवता येत नाही. त्यानं गाडी परत पाठवली. दहा दिवस तो आमच्या ओसरीवर मालकांच्या शेजारी बसून राहिला. बांधाच्या पलीकडं टरबुजं उन्हात फुटत गेली. वारा तिकडून आला की तो वास घरात यायचा. मालक मान वर करायचे, वास घ्यायचे आणि पुन्हा खाली बघायचे. एक दिवस ते म्हणाले, “रामलिंग, तोड बाबा. मी काई म्हणत न्हाई.”

रामलिंग म्हणाला, “दोन दिस ऱ्हायलेत काका.”

मालक आहेत. दोर वळत नाहीत. बांध आहे तिथंच आहे.

हनुमंत, माझा चुलत दीर, तेरा ऑक्टोबर दोन हजार बावीस, गुरुवारी, विहिरीवर वारला. दयानंद, माझा मुलगा, तेवीस मे दोन हजार तेवीस, मंगळवारी, दुपारी चार वाजता उन्हानं वारला. तेव्हा त्याचं वय एकतीस वर्षं होतं.